ओवीचा आकडा

कचरू पेंटरनं वच्छलाबाईंच्या नव्या घराच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं, ‘देव तारी त्याला कोण मारी’, आणि शिडीवरूनच विचारलं, “मावशी, आकडा सांगा.”

“कसला आकडा?”

“तुमच्या ख्रिस्ती लोकांच्या घरावर वाक्याखाली आकडा असतोय की. स्तोत्र अमुक, दोन टिंबं, तमुक. मी काय पहिल्यांदा लिहितोय व्हय?”

“जागा सोड. सांगते,” वच्छलाबाई म्हणाल्या.

ते दुष्काळाचं साल होतं. जायकवाडीचा तळ दिसू लागला होता, तरी पुंडलिकनगरच्या मागं नवे प्लॉट पडतच होते आणि घरं टँकरच्या पाण्यावर उभी राहत होती. वच्छलाबाईंचा मुलगा सुदर्शन वाळूजला कंपनीत होता. त्यानं आईसाठी हे घर बांधलं. महिनाअखेर घर देवाला वाहण्याची, समर्पणाची प्रार्थना ठेवली होती. पाळकसाहेब येणार होते, आणि कन्नडहून विहीण, म्हणजे सुदर्शनच्या सासूबाई, सारजाबाईही येणार होत्या. सारजाबाई म्हणजे बोलता बोलता बायबलातला अध्याय आणि ओवी सांगणाऱ्या. पंगतीत उसळ खारट झाली तरी त्यांना मिठाची ओवी आठवायची, आकड्यासकट.

मी आमच्या चर्चच्या मंडळीत मुलांची रविवारची शाळा घेतो. वच्छलाबाई माझ्याकडे आल्या.

“सलाम मास्तर. सहज विचारते. देव तारी त्याला कोण मारी, हे स्तोत्रात कितवं?”

ही म्हण आहे. आपल्याकडे आंब्यावरून पोरगं पडून उठलं तरी कुणीही म्हणतं. पण सगळं मीच सांगून टाकलं असतं, तर वच्छलाबाईंनी शास्त्राऐवजी माझा शब्द धरून ठेवला असता.

“मला तरी ते शास्त्रात कुठं सापडलेलं नाही,” मी म्हणालो. “तुम्ही शोधून बघा.”

“मास्तर असून ठाऊक नाय?” त्या म्हणाल्या. त्यांना माझी थोडी कीव आली असावी.

पुढच्या रविवारी त्या मुलांच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या. बाक लहान, गुडघे हनुवटीला टेकत होते. “पोरांवर लक्ष ठेवायला आले,” त्यांनी जाहीर केलं. आमच्या वर्गात एक खेळ असतो. सगळ्यांनी शास्त्र मिटून धरायचं, मी पुस्तकाचं नाव आणि अध्याय सांगायचा, आणि ज्याला आधी सापडेल त्यानं उभं राहून वाचायचं.

“तयार. हबक्कूक, तिसरा अध्याय.”

“कुणाला उचकी लागली?” वच्छलाबाई म्हणाल्या.

पोरं हसून लोळली. दीपमाला नावाची एक चुणचुणीत मुलगी शेजारी सरकली. “आजी, तो संदेष्टा आहे. तुमची पानं का चिकटलीत?”

“लग्नातलं आहे. जपून ठेवलंय.”

“इतकं?”

वच्छलाबाईंनी पान ओढलं. करकर आवाज करत दोन पानं सुटली.

तेव्हापासून त्या घरी रोज वाचायला लागल्या. टँकरच्या रांगेत हंड्यावर बसूनही वाचायच्या. मला रस्त्यात अडवून बातम्या द्यायच्या. “मास्तर, एलीयाला दुष्काळात कावळे भाकरी आणून देत होते. आपला टँकरवाला फोनसुद्धा उचलत नाय.” दुसऱ्या दिवशी, “ते ईयोबाचे मित्र आपल्याच गल्लीतले वाटतात. माणूस राखेत बसलाय आणि हे सल्ले देतायत.”

आकड्याचं मात्र नाव नव्हतं. समर्पणाला आठवडा उरला तेव्हा त्या आल्या आणि ओट्यावर टेकल्या.

“स्तोत्रं संपली. नीतिसूत्रं संपली. नाय, मास्तर.”

“हं.”

“सुदर्शनच्या गाडीला वाळूजच्या रस्त्यावर अपघात झाला होता ना, तेव्हा रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर मी हेच म्हणत होते. देवाचं वचन म्हणून. ते देवाचं नसेलच, तर मग मी कुणाच्या जिवावर बसले होते?”

मी पाणी देऊन म्हणालो, “अजून नवा करार राहिलाय.”

दोन दिवसांनी त्या जवळजवळ धावतच आल्या. शास्त्र उघडंच होतं, बोट ओवीवर ठेवलेलं. रोमकरांस पत्र, आठवा अध्याय, एकतिसावी ओवी. त्यांनी सावकाश वाचली. “देव आपल्याला अनुकूल असल्यास आपल्याला प्रतिकूल कोण?” मग चष्मा काढून म्हणाल्या, “माझंच आहे हे. फक्त शहरात राहून शिकून आलंय.”

“त्याच्या पुढंही वाचलं?”

“वाचलं की. ज्यानं आपला पुत्र राखून ठेवला नाय, आपल्यासाठी दिला, असं आहे पुढं. म्हणीत ते कुठं होतं? मी पायरीवर बसले होते ती याच्या जिवावर. मला नाव ठाऊक नव्हतं, इतकंच.”

कचरूला परत बोलावलं. टँकर आला नव्हता, बादलीभर पाण्यात चुन्याचा एकच हात बसला, आणि त्यावर त्यानं नवी ओवी आकड्यासह रंगवली. पण समर्पणाच्या दिवशी ऊन भिंतीवर आलं तशी खालची जुनी अक्षरंही दिसायला लागली. ती नेमकी सारजाबाईंना दिसली.

“विहीणबाई, खाली काय लिहून पुसलंय?”

वच्छलाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी छताकडे बघत होतो.

“देव तारी त्याला कोण मारी,” त्या म्हणाल्या. “सगळी हयात वचन समजत होते. म्हण निघाली. शोधायला महिना गेला, म्हणून खरं वचन सापडलं.”

“म्हण कशी?” सारजाबाई ठणकावून म्हणाल्या. “स्तोत्र एक्क्याण्णव, ओवी तिसरी. तोंडपाठ आहे मला.”

“काढून दाखवता?”

“माझा चष्मा कन्नडला राहिला.”

“माझा घ्या.”

सारजाबाईंनी चष्मा लावला, एक्क्याण्णवावं स्तोत्र पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत ओठ हलवत वाचलं, मग ब्याण्णवावंही थोडं वाचलं. पाळकसाहेबांना खोकला आला. शेवटी सारजाबाईंनी पुस्तक परत दिलं आणि मला हळूच विचारलं, “मास्तर, तुमचा तो पोरांचा वर्ग कधी असतो?”

रविवारपर्यंत त्या लेकीकडेच राहिल्या. दोन्ही विहिणी एकाच लहान बाकावर बसल्या, दीपमालाला कोपरा उरला. मी “तयार” म्हणून मीखाचा सहावा अध्याय सांगितला. दीपमालाच्याही आधी वच्छलाबाई उभ्या राहिल्या. शेजारून करकर आवाज येत होता.

“तुमचं पुस्तक वापरून मऊ झालंय,” सारजाबाई पान ओढत म्हणाल्या. “त्याला काय लागतंय.”