विटक्या फ्रॉकचं माप

आमच्या घरात टेप वापरत नाहीत. सासूबाईंच्या मते टेप परक्याला लावायची. घरच्यांचं माप त्यांच्या जुन्या कपड्यांवरून घ्यायचं. जुना कपडा नव्या कापडावर पसरायचा, कडेने दोन बोटं सोडून खडू फिरवायचा आणि कात्री चालवायची. एकाच लांब कापडात चौघांचं बसवायचं. असा कोंड्याचा मांडा करण्यात सासूबाईंचा हात कुणी धरणार नाही. शर्टाच्या बाह्या गाऊनच्या घेराशेजारी उलट्या घुसवायच्या, खिसा गळ्याच्या कापलेल्या तुकड्यातून काढायचा. त्यामुळे चौघं एकत्र बाहेर पडलो की बँडपथक निघाल्यासारखं दिसतं. हे मी त्यांना तोंडावर सांगते. मला मनात ठेवायची सवय नाही.

त्या वेळचं कापड निळं होतं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. सासूबाईंचं मनगट दुखत होतं, म्हणून त्यांनी जुने कपडे मांडून दिले आणि कात्री माझ्या हातात आली. नवऱ्याचा शर्ट, आम्हा दोघींचे गाऊन आणि मधल्या जागेत आमच्या लेकीसाठी, ठकीसाठी, एक फ्रॉक. तिच्या मापाला मांडलेला जुना फ्रॉक इतका विटलेला होता की मूळचा रंग कळेना. ठकीचे कपडे धुऊन धुऊन सगळे तसेच झाले होते, म्हणून मी काही विचारलं नाही. त्याच मापाने नवा कापून टाकला.

शिवून झाल्यावर ठकीच्या अंगात घातला, तर डावा खांदा खाली लोंबत होता. उसवून नीट करते म्हणून मी सुई घेतली. सासूबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे. बसेल अंगावर."

आणि बसला. पण फ्रॉक काही बदलला नाही, बदललं ते ठकीचं अंग. थोड्याच दिवसांत तिचा डावा खांदा उतरला. दुधातली साय बघून ओकारी काढणारी पोर साय मागून घेऊ लागली. फ्रॉक धुवायला मागितला तर दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरायची. जीभ तिची माझ्यावर गेलेली, दिवसभर टकळी चालू. आता मी हाक मारली की दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी बघायची. एका दुपारी आतल्या खोलीतून "आई" अशी हाक आली. मी ओ देत गेले, तर ती सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिने मान वळवून पाहिलं, घरी पाहुणी आल्यासारखं.

नवऱ्याला तिचा खांदा दाखवला. तो म्हणाला, त्याच्या ताईचा खांदा असाच होता. झाडावरून पडली तेव्हा हाड वाकडं बसलं होतं. ताई ठकीएवढी असतानाच तापाने गेली. ती होती एवढंच मला ठाऊक होतं. तिचा विषय या घरात कुणी काढत नसे.

मी तडक सासूबाईंच्या खोलीत गेले. विटका फ्रॉक त्यांच्या उशाखाली होता.

"एकदाच बघायची होती गं," त्या म्हणाल्या. "एकच दिवस."

"आणि माझी कुठे गेली?"

उत्तराला मी थांबले नाही.

मी ठकीला पुढ्यात बसवलं. निळा फ्रॉक डोक्यातून निघेना, काखेत रुतून बसला होता, म्हणून अंगावरच उसवायला घेतला. टाके तुटत गेले तशी ती रडू लागली, आणि तो आवाज ठकीचा नव्हता.

"आई, नको ना," ती दाराकडे बघून म्हणाली. "मला परत थंडी वाजेल."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी चौकट घट्ट धरली होती, पण पाऊल पुढे टाकलं नाही. मला त्या पोरीची दया आली, खरंच आली. पण माझा हात थांबला नाही.

शेवटची शिवण सुटली आणि तुकडे जमिनीवर पडले. ठकी थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग नाक पुसत माझ्यावरच डाफरली, की माझा नवा फ्रॉक का फाडलास म्हणून. मी तिला जवळ ओढलं आणि मोठ्याने रडले. हळूहळू तिचा खांदाही वर आला. सासूबाईंनी तुकडे गोळा करून त्यांची घडी घातली. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. मीसुद्धा नाही.

आता नवं कापड आलं की जुने कपडे मीच मांडते, एकेक उलटून पालटून, कुणाचा ते खात्रीने बघून. तरी उभं मांडा, आडवं मांडा, मधे एक जागा उरतेच. फ्रॉकच्या आकाराची, डाव्या खांद्याला उतरती. ती जागा सोडून मी बाकीचं कापते आणि उरलेला तुकडा सासूबाईंना देते. त्या निमूट घेतात.

गेल्या खेपेला त्यांनी तो मांडीवर पसरून पाहिला.

"वाढतेय गं ती," त्या म्हणाल्या.

मला ते आधीच कळलं होतं. या वेळी ठकीच्या फ्रॉकला कापड कमी पडलं होतं.