कुणाकडून आलं?

तपासणीत जंतू निघाला आणि मारिवीकने ते सर्वांत आधी नवऱ्याला सांगितलं. तिथेच तिचं चुकलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं. दिवस भरत आले की कापसाच्या काडीने खालचा नमुना घेतात. हा जंतू कितीतरी धडधाकट बायकांच्या अंगात गुपचूप राहतो, येतो, जातो. बाईला त्याचा पत्ताही नसतो. पण जन्मताना बाळाला लागला तर बाळ दगावूही शकतं. "कळा सुरू झाल्या की लगेच या आणि आल्या आल्या सांगा. सलाईनमधून औषध देऊ."

रेनांते जहाजावर होता. इलोइलो शहरातल्या त्यांच्या गल्लीतले अर्धे नवरे जहाजांवर, आणि उरलेली गल्ली त्यांच्या बायकांवर डोळा ठेवून. फोनवर सगळं ऐकून त्याने विचारलं,

"पण तुला हे आलं कुणाकडून?"

"कुणाकडून म्हणजे? असतं रे असंच."

"असंच कसं? मी तर कधीचा इकडे आहे."

फोन बंद झाला. रेंज गेली की त्यानेच ठेवला, देव जाणे. त्याने आईलाही कळवलं असावं; दुसऱ्या दिवशी सासूने, नानाय एर्लिंडाने, तिचं ताट-भांडं वेगळं काढलं. बोलली मात्र चकार शब्द नाही. मग मारिवीक पोटातल्या बाळाशीच बोलू लागली, तेही हळू आवाजात.

कळा सुरू झाल्यावर सासूच तिला ट्रायसिकल रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या. नवखी नर्स विचारू लागली, "काही जंतुसंसर्ग वगैरे?"

बाकावर गल्लीतल्याच दोघी बसलेल्या. सासू झटकन म्हणाली, "छे! आमच्या घरात असलं काही नसतं."

"आहे!" मारिवीक कळ दाबत ओरडली. "तपासणीत निघालाय. आधी सलाईन लावा."

"इंदाय, अगं पोरी, गप्प बस. लोक ऐकतायत."

"ऐकू देत, नानाय. माझं बाळ आहे."

सासू तोंड फिरवून बाहेर गेली ती गेलीच. औषध थेंबथेंब चढत राहिलं. मारिवीकने खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला. धरायला दुसरं काही नव्हतं. इतकं एकटं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

मुलगी झाली, खणखणीत रडली. तेव्हा कुठे सासू आत आली. तिने बाळ उजेडाकडे धरलं आणि आधी नाक न्याहाळलं.

"रेनांतेचंच आहे," तिने सुटकेचा श्वास टाकला, बाळ परत दिलं आणि लेकाला फोन लावायला बाहेर पळाली.

मारिवीकने बाळाचं कपाळ गालाला लावून पाहिलं. ताप नव्हता. हे सांगायला मात्र खोलीत कुणीच नव्हतं.