फक्कीच्या रेघा

औशाच्या शाळेत मी बत्तीस वर्षं मुलांना अक्षरं शिकवली. आता मला पार्किन्सन आहे. हात थरथरतो, आवाज बारीक झालाय, त्याचं एवढं काही नाही. पाय जमिनीला चिकटतात, ते वाईट. दार आलं, गर्दी आली, की चिकटलेच.

लातूरला फिजिओथेरपी देणारी मंजुषा म्हणाली, "सर, जमिनीवर आडव्या रेघा मारा. रेघ ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं." चार महिने मी घरात खडूच्या रेघा ओलांडल्या, मोठ्यानं आकडे म्हणत.

"म्हातारपणी लंगडी खेळून राहिले!" माझी बायको उमाबाई चिडवायची. पण पुसट झालेल्या रेघा रोज तीच पुन्हा मारायची.

हे सगळं शनिवारसाठी चाललं होतं. तिसरीतल्या काही मुलांना अजून वाचता येत नाही, असं मुख्याध्यापक हनुमंत म्हणाला होता. हनुमंत माझाच विद्यार्थी. मी म्हटलं, दर शनिवारी मी येतो. तो घुटमळला.

"समितीची माणसं म्हणतात, सर पडले-बिडले तर? सव्वीस जानेवारीला या. तुम्हाला चालताना बघू द्या त्यान्ला. मग कोण न्हाई म्हणतंय?"

"फाटकापासून मंचापर्यंत फक्कीच्या रेघा मार. मैदानावर मारता तशा, पण आडव्या. बाकी मी बघतो."

"हाव सर. झकास करतो!"

सव्वीसला रिक्षातून उतरलो. फाटकाच्या आत रेघ एकही नव्हती. वाटेची सगळी रुंदी व्यापून रांगोळी होती. मोर, दिवे आणि मधोमध ठळक अक्षरांत 'आदरनीय नागप्पा सर'.

"तुमच्यासाठी नुसती फक्की काय मारायची?" हनुमंत हसत म्हणाला. "अक्षरं मी स्वतः काढलो."

रांगोळीवर पाय कसा द्यायचा? त्यातही स्वतःच्या नावावर? कडेनं जागा नव्हती. पायांनी रेघ शोधली आणि ते चिकटले.

"एक," मी म्हटलं. "एक. एक."

पुढे बसलेली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "सरला दोन येईना गं!" सगळी ओळ खिदळली.

"खुर्ची आणा, माणूस पडंल!" समितीचे बसवराज ओरडले.

दोन शिक्षकांनी मला खुर्चीसकट उचललं आणि सरळ चालू लागले. वरून सगळं दिसत होतं. त्यांचे बूट मोरावरून गेले, दिव्यांवरून गेले, माझ्या नावावरून गेले.

"सरांना चालवत नाही, तरी ते आले," हनुमंत माईकवर म्हणाला. टाळ्या झाल्या. खांद्यावर शाल आली.

"शनिवारचं?" मी विचारलं.

त्यानं बसवराजांकडे पाहिलं. मग माझी शाल नीट केली. "आता आराम करा सर. लई शिकवलं तुम्ही आमाला."

मंचावरून रांगोळी दिसत होती. 'आदर' फरफटत मंचापर्यंत आला होता. त्याच्यामागचा 'नी' मात्र जसाच्या तसा होता.

"हनुमंता," मी म्हटलं, "तिथं बाणातला ण पाहिजे."

आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही. तो वाकला.

"काय सर? पानी पायजे का?"