खळीतलं मोरचूद

आमच्या इमारतीत चांगुलपणा वरच्या मजल्यावर राहतो आणि राग खालच्या. वर माझी मोठी जाऊ, तिचा नवरा आणि सासूबाई. खाली मी आणि माझा नवरा. जावेला मी मनातल्या मनात कुशनबाई म्हणते, कारण तिच्या घरात माणसाला बसायला जागा शोधावी लागते, सगळीकडे आधीच कुशनं बसलेली असतात. तिचे पडदे सोफ्याला शोभतात, सोफा गालिच्याला शोभतो आणि येणारा-जाणारा "वा, काय घर ठेवलंय!" म्हणतो. तिच्या जिभेवर कायम साखर. मी बोलले की स्वयंपाकघरात भांडं पडल्यासारखं वाटतं, हे मला ठाऊक आहे. पडू दे.

मी कार्डं करते. कुणाचा वाढदिवस असो, कुणी आजारी असो, कुणी परगावी निघालेलं असो, माझा पसारा जेवणाच्या टेबलावर मांडला जातो: कागद, कटर, स्टीलची पट्टी, ब्रश आणि खळीचं पातेलं. हे सगळं मला आईने शिकवलं. ती बाजारातला गोंद वापरायची नाही. मैदा थंड पाण्यात कालवायची, मंद आचेवर घोटत राहायची, आणि एकही गुठळी नाही अशी खळ झाली की उतरवताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. निळे निळे खडे, दिसायला सुंदर आणि पोटात गेले तर विष. "ह्याने कागद खाणारी कसर लागत नाही," म्हणायची आणि लगेच मला हात धुवायला पिटाळायची. खळीचं पातेलं दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायची बंदी होती.

आई गेली तेव्हा तिच्या घरातून मी फक्त एक डबा आणला. त्यात तिची कार्डं होती. प्रत्येकाच्या खालच्या कडेला तिने पेन्सिलीने एक बारीक पान काढलेलं, तीच तिची सही. सगळ्यांत सुरेख कार्ड घराचं होतं. त्या घराला उघडणाऱ्या खिडक्या होत्या. एकीमागे मांजर, एकीमागे किटली, एकीमागे दिवा, एकीमागे पाय पसरून झोपलेले बाबा. शेवटची खिडकी उघडली की मागे कोरा कागद. "ही तुझी," आई म्हणाली होती. "उघडल्यावर रोज बघावंसं वाटेल असं काहीतरी ठेव तिच्यात." मी कितीदा फुलं कातरली, पक्षी कातरले, पण त्या खिडकीच्या लायकीचं काही होईना. मग राहून गेलं.

मध्यंतरी मी मैत्रिणीकडे राहायला गेले होते. परत आल्यावर सासूबाईंना भेटायला वर गेले, तर सोफ्याच्या मागच्या भिंतीवर आईची कार्डं. सोनेरी चौकटीत, काचेखाली, ओळीने.

"कशी दिसतायत?" जाऊ म्हणाली. "भिंतीला काहीतरी हवंच होतं. तुझ्या नवऱ्याला विचारलं, त्याने डबाच आणून दिला."

मी जवळ गेले. घराचं कार्ड मधोमध होतं. उघडायच्या खिडक्या काचेखाली दाबून बंद करून टाकलेल्या. आणि खालची कड जागेवर नव्हती. एकाही कार्डाला नव्हती.

"ताई, खालची कड कुठंय?"

"अगं, चौकटीत मावेनात. जराशी कातरली. रिकामीच तर होती."

"पान होतं तिथे. आईचं."

"पान? मला नाही बाई दिसलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "मला ती परत हवीत."

"असं काय करतेस? भिंत उघडी पडेल ना. आणि तुझ्या आईचं काम चार लोकांनी बघितलं तर बरंच आहे की." मग तिने काचेवर नख वाजवलं. "पण किडेबिडे नाही ना लागणार गं ह्यांना? माझा नवा सोफा यायचाय."

"नाही लागणार," मी म्हणाले. "आईच्या खळीत मोरचूद असतं. कसर तोंडसुद्धा लावत नाही." माझा संताप होत होता, तरी आईच्या कामाची फुशारकी मारल्याशिवाय माझ्याच्याने राहवलं नाही.

खाली येऊन नवऱ्याला धरलं.

"अगं, डब्यात नुसती पडूनच होती ना," तो म्हणाला.

"तूही सोफ्यावर नुसता पडूनच असतोस. घालू का तुलाही चौकटीत?"

त्यानंतर मी कार्डं मागत राहिले. हसून मागितली, तोंड पाडून मागितली, सासूबाईंच्या देखत मागितली. दर वेळी तीच साखर आणि तेच "बघू गं." तेव्हा मी मागायचं बंद केलं. ह्याचं उट्टं काढायचं, एवढंच मनात धरलं.

संधी तिने स्वतःच घरपोच आणून दिली. सासूबाईंचा वाढदिवस थाटात करायचा होता आणि त्यासाठी बैठकीच्या खोलीत भिंतभर कागदाचं झाड हवं होतं. खोड, फांद्या, शेकडो पानं. "तुझ्या हातात जादू आहे," ती म्हणाली. "सोफा येण्याआधी लागलं तर बरं, मग तिथे चढाउतरायला नको." वाढदिवस अजून लांब होता. मी इतक्या गोड आवाजात हो म्हटलं की माझी मलाच भीती वाटली.

"पण ह्या कार्डांच्या भिंतीवर नको, ताई," मी म्हणाले. "त्या समोरच्या भिंतीवर जास्त खुलेल."

समोरच्या भिंतीमागे बाथरूम आहे. ती भिंत कधीच पुरती कोरडी नसते, आणि तिच्या कोपऱ्यातल्या पुस्तकांच्या फळीवर मी कसर पळताना बघितली होती. चंदेरी, चपळ, मिशा हलवत जाणारी. कुशनबाईला ती कधी दिसली नाही, कारण ती पुस्तकं रंग बघून लावते, उघडत नाही.

झाड मात्र मी जीव ओतून केलं. सूड घ्यायचा आणि कामात हयगय करायची, हे मला जमत नाही. प्रत्येक पान वेगळं कातरलं, प्रत्येक पानाच्या मधोमध घडी पाडली, खोडाला कागदाच्या थरांवर थर देऊन खरी साल वाटेल अशी केली. आणि खळ? मोरचुदाची बाटली फळीवरून हलली नाही. त्याऐवजी पातेल्यात दोन मोठे चमचे साखर गेली. आईच्या कार्डांची मला काळजी नव्हती. ती ज्या खळीने चिकटवलेली होती, ती मी ओळखून होते.

झाड लागलं त्या दिवशी सासूबाई काठी टेकत आल्या आणि खोडावरून हात फिरवत राहिल्या. ह्या बाई शब्द मोजूनमापून खर्च करतात. "हे माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "माझ्यासाठी कुणी असं काही केलं नव्हतं गं."

 सगळं उतरवावं आणि नव्याने, नीट खळ करून लावावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जाऊ मागून म्हणाली, "मीच सुचवलं हो तिला, झाड कर म्हणून." झालं. माझं मन परत ठिकाणावर आलं.

मग मी वाट बघितली. कोथिंबीर आहे का, कात्री आहे का, असली कारणं काढून वर जायचे आणि झाडाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. नव्या पडद्यांना ऊन लागू नये म्हणून ती खिडक्या बंद ठेवायची. खोली दमट, अंधारी, कसरीला हवी तशी. आधी पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या. मग भोकं. मग झाडाखाली मांडलेल्या नव्या सोफ्यावर एखाददुसरं पान गळून पडू लागलं.

"पानं का गं गळतायत?" जाऊने विचारलं.

"हवेने असेल, ताई."

ती सेलोटेप लावत राहिली. खोडाच्या आत काय चाललंय, ते फक्त मला माहीत होतं. मला झोपसुद्धा छान लागायला लागली होती.

वाढदिवसाला घर पाहुण्यांनी भरलं. सासूबाईंना झाडाखालच्या खुर्चीवर बसवलं होतं, खांद्यावर नवी शाल. केक कापून झाला. तेवढ्यात माझ्या नवऱ्याची आत्या, जिला प्रत्येक वस्तू हात लावून बघायची खोड आहे, तिने "अगदी खरं वाटतं हो!" म्हणत खोडावर थाप मारली. सालीची अख्खी पट्टी तिच्या हातात आली आणि मागून कसर बाहेर पडली. एक नाही, दोन नाही, झुंडच. भिंतीवरून खाली, सासूबाईंच्या शालीवरून, केकच्या बशीवरून. आत्या किंचाळली. आणि कुशनांवरून! एकेका कुशनावरून चंदेरी वरात निघाली होती. ते दृश्य मी मरेपर्यंत जपून ठेवणार आहे.

मला वाटलं, आता कुशनबाई आरडाओरडा करेल. पण ती उठली, समोरच्या भिंतीपाशी गेली आणि आईचं एकेक कार्ड नाक लावून बघितलं. मग वळली.

"हिच्या आईच्या कामाला एक भोक नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मोरचूद संपलं होतं का गं तुझं?"

तिला कळलं होतं. माझ्याच तोंडची फुशारकी तिने जपून ठेवली होती आणि आता ती मला परत करत होती.

"कसलं मोरचूद?" सासूबाईंनी विचारलं. त्या शाल झटकत होत्या.

"खळीत घालायचं असतं, किडे लागू नयेत म्हणून. हिची आई घालायची."

"मग हिला माहीत नसेल," सासूबाई म्हणाल्या. बिचाऱ्या मला सांभाळूनच घेत होत्या. "हिच्या आईने नीट शिकवलं नसेल."

मी नुसतं "विसरले" म्हटलं असतं तरी सुटले असते. सगळ्यांनी चुकचुक केली असती, आत्याने हल्लीच्या बायकांच्या घाईवर दोन वाक्यं ऐकवली असती आणि विषय संपला असता. जाऊ माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणणार, हे ती जाणून होती.

"शिकवलं होतं," मी म्हणाले. "नीट शिकवलं होतं. मला सगळं येतं. मी मोरचूद घातलं नाही, आणि वर साखर घातली. मुद्दाम."

 नवऱ्याने डोळे मिटून घेतले. जाऊ शांतपणे म्हणाली, "ऐकलंत ना सगळ्यांनी?" आणि आयुष्यात पहिल्यांदा एक कुशन बाजूला फेकून स्वतःच्या सोफ्यावर बसली.

"तिने माझ्या आईची कार्डं कातरली," मी म्हणाले. "कितीदा मागितली, दिली नाहीत."

सासूबाईंनी शाल खांद्यावरून काढून ठेवली. "पण वाढदिवस माझा होता गं," त्या म्हणाल्या.

 मी भिंतीपाशी गेले आणि एकेक चौकट उतरवू लागले. कुणी अडवलं तर भांडायची माझी पुरती तयारी होती.

"ने, ने," जाऊ म्हणाली. "तसाही भिंतीला आता नवा रंगच द्यायचाय."

रद्दी उचलून न्यायला सांगावं, तशी दिली तिने. ज्याच्यासाठी एवढं केलं, ते भांडायलासुद्धा न लावता हातात ठेवलं, आणि ह्याचा मला किती संताप आला ते सांगता येत नाही.

खाली आल्यावर नवऱ्याने विचारलं, "झालं समाधान?"

"अर्धं," मी म्हणाले.

त्यानंतर सासूबाई खाली आलेल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर भिंतीला धरून बाजूला होतात. मी माझ्या कामाला लागले. चौकटी फोडल्या, काचा काढल्या, घराच्या कार्डाच्या खिडक्या बोथट सुरीने हलकेच सोडवल्या. आईची खळ जिथल्या तिथे घट्ट होती. मांजर होतं, किटली होती, दिवा होता, बाबा झोपलेले होते. पान मात्र नव्हतं. ते मला काढता आलं असतं, आईसारखंच, पण मी काढलं नाही.

शेवटची खिडकी उघडली. कोरा कागद.

इतकी वर्षं सुचलं नव्हतं, ते आता बसल्याजागी सुचलं. चंदेरी कागद घेतला. निमुळतं अंग, केसाएवढ्या मिशा, शेपटीचे तीन धागे. इतकं बारीक काम मी आजवर केलं नव्हतं, आणि हात एकदाही हलला नाही. मग ताजी खळ केली आणि उतरवताना तिच्यात मोरचूद घातलं, आईने शिकवलं तसं.

आईच्या घरात, माझ्यासाठी राखून ठेवलेल्या खिडकीत आता कसर आहे. हुबेहूब जमलीय. मी रोज उघडून बघते. आणि मोरचूद घातलंय, त्यामुळे ती आता तिथून कधीच हलायची नाही.