डाव्या खांद्याचा दस्ता

"ही बंदूक मारनारा मानूस डावरा व्हता," शिवलिंग सुतार म्हणाला आणि वाळवीनं खाल्लेला दस्ता त्यानं माझ्यापुढं धरला.

मी सोसायटीचा सचिव. मला रंधा आणि पटाशी यांतला फरकही धड कळत नाही. त्यानं बोट ठेवून दाखवलं. दस्त्याच्या उजव्या अंगाला, गाल टेकतो तिथं, कोणीतरी चाकूनं तासून जागा केली होती आणि ती वापरून गुळगुळीत झाली होती. बंदूक डाव्या खांद्याला लावली तरच गाल तिथं येतो.

"थोरले अप्पा तर उजवे व्हते," तो म्हणाला. "गड्याला चापट मारताना बगितलंय म्या."

आमचे चेअरमन रामलिंगअप्पा यांनी ऐन दुष्काळात सोसायटीचं गोदाम बांधलं होतं. आत ठेवायला धान्य नव्हतं, पण उद्घाटनाला मंत्री येणार होते. कचेरीत त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे थोरल्या अप्पांच्या, गुरुसिद्धप्पांच्या तसबिरीखाली निजामाच्या काळातली ही रायफल टांगायची असं ठरलं होतं. फौजदारानं तिच्या आतलं सगळं काढून घेतलं होतं, त्यामुळे तीही चेअरमनसारखीच दिसण्यापुरती उरली होती. पोलिस ॲक्शनच्या आधी रझाकार गावावर चालून आले, तेव्हा गुरुसिद्धप्पांनी माळवदावरून एकट्यानं दिवसभर गोळ्या झाडून गाव राखलं, असं मी भाषणात लिहिलं होतं. माझं अक्षर फार सुंदर आहे.

खरं असं की, त्या दिवशी गुरुसिद्धप्पा जमिनीखालच्या ज्वारीच्या पेवात दडून बसले होते. माळवदावर होता त्यांचा गडी पिराजी. आता तो म्हातारा झाला होता आणि सोसायटीची राखण करत होता. स्वातंत्र्यसैनिकाच्या कागदासाठी त्यानं दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा तालुक्यानं 'पुरावा नाही' म्हणून परत पाठवला. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण मिलो, रेशनची ती लाल ज्वारी, सोसायटीतून मिळत होता. मिलो खाणाऱ्या तोंडातून खरं बाहेर पडत नाही. माझ्याही नाही.

"ह्यो पुरावाच की," शिवलिंग म्हणाला. "भाषनात पिराजीचं नाव घाला, साहेब."

"बघू," मी म्हणालो. सचिवाच्या नोकरीत हा शब्द फार उपयोगी पडतो.

अप्पांनी शिवलिंगला हुबेहूब जुन्यासारखा नवा दस्ता करायला सांगितलं होतं. त्यासाठी शिसवी लाकूड हवं होतं आणि दुष्काळात झाड कुठलं? आम्ही भूमच्या बाजारात गेलो. लोकांनी घरांची दारं-चौकटी उपटून विकायला आणली होती. एका बाईच्या उंबऱ्याला अजून हळद लागलेली होती. शिवलिंगनं त्यावर नखानं ओरखडा काढला, आत काळं शिसव निघालं. त्यानं तोच घेतला.

जुन्या दस्त्यातून एक लांब बोल्ट आरपार जात होता. तसं भोक पाडायला त्याला दोन दिवस लागले. गिरमिट चार फेरे फिरवायचं, काढायचं, सरळ चाललंय का ते दोरी लावून बघायचं, पुन्हा फिरवायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं पिराजीला बोलावलं आणि त्याच्या डाव्या कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं.

"मला कशाला मापतुस?" पिराजीनं विचारलं.

"जू बैलाच्या मानंवर मापत्यात. मालकाच्या न्हाय."

पिराजी शर्टाची बाही खाली ओढून गेला.

जुना दस्ता शिवलिंगनं वेगळा ठेवला होता. पुरावा म्हणून तालुक्याला न्यायचा, असं म्हणत होता. चेअरमन नवा दस्ता बघायला आले आणि त्यांनी तो जुना तुकडा पायानं सरकवून चहाच्या चुलीकडं नेला. "वाळवी पसरंल," म्हणाले. मी तिथंच उभा होतो. चुलीत घालणाऱ्याला मी काडीपेटीही दिली. हे सांगायला मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

उद्घाटनाला मंत्री तीन तास उशिरा आले. भाषण मी लिहिलं तसंच झालं. फोटोवाला म्हणाला, "चेअरमनसाहेब, बंदूक जरा खांद्याला लावा." अप्पांनी ती उजव्या खांद्याला लावली. गाल टेकेना, मान वाकडी झाली, टोपी पडली. लोक हसले.

"शिवलिंग, काय करून ठिवलंस रं हे?" अप्पा ओरडले.

"तुमीच म्हनला, जुन्यासारखाच कर," शिवलिंग मोठ्यानं म्हणाला. "जुना डाव्या हाताच्या मानसाचाच व्हता, अप्पा. कुनाचा, ते सगळ्यास्नी ठाव हाय."

लोकांच्या माना पिराजीकडं वळल्या. मंत्र्यांनी भुवया उचलल्या. एक क्षण मला खरंच वाटलं, आता अप्पांची जिरली. पण ज्यानं आयुष्यात कधी काही कमावलं नाही, त्याला दुसऱ्याचं उचलायची सवय पक्की असते. अप्पांनी हसत बंदूक डाव्या खांद्याला घेतली. ती चपखल बसली.

"आमचे वडील डावरे व्हते, साहेब," ते मंत्र्यांना म्हणाले. "आमचं खानदानच डावरं!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. फोटो निघाला. पुढच्या आठवड्यात अप्पांनी वडिलांच्या नावानं स्वातंत्र्यसैनिकाचा अर्ज केला. त्यात डाव्या हाताच्या दस्त्याचा उल्लेख पुराव्यादाखल होता. तो मजकूरही माझ्याच अक्षरात आहे.

उद्घाटनाच्या दिवशी सगळे जेवायला बसल्यावर अप्पांनी पिराजीला बंदूक खिळ्यावर टांगायला सांगितली. कचेरीत आम्ही तिघंच होतो. पिराजीनं बंदूक नळीला धरून उचलली, खुरपं उचलावं तशी.

"बाबा, एकदा लावून तर बगा खांद्याला," शिवलिंग म्हणाला. "तुमच्यासाठीच केलाय न्हवं."

पिराजीनं नव्या लाकडावरून अंगठा फिरवला. गालाच्या जागेवर तो थोडा थांबला.

"नगं," तो म्हणाला. "लावली, तर खाली ठेवू वाटायची न्हाय."

त्यानं बंदूक खिळ्यावर अडकवली, सरळ आहे का ते मागं सरून पाहिलं आणि टँकर आला होता म्हणून घागर घेऊन रांगेत जाऊन उभा राहिला.