वाहने हळू चावा

भिंगरीला वाचता येत नव्हतं असं नाही. वाचायला बसवलं की पहिली ओळ ती नीट वाची, दुसरी घाईत उरकी, आणि तिसरीला तिला तहान लागे. पाणी पिऊन आली की पायाला मुंग्या येत, मुंग्या गेल्या की खिडकीत मांजर दिसे. आठ वर्षांच्या या मुलीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. घरात ती एका जागी टिकली नाही म्हणून भिंगरीच झाली. तिचा दादा चार वर्षांनी मोठा. तो साबणाच्या वेष्टनावरचा बारीक मजकूरही सोडत नसे, आणि आपण तो सोडत नाही हे लोकांना कळल्याशिवाय राहत नसे.

भिंगरीच्या बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं. "घरात पुस्तक दिसलं की ती पळते," त्या म्हणाल्या. "मग तिला बाहेरच न्या. सगळे मिळून मोकळ्या हवेत काहीतरी करा आणि त्यात हळूच वाचन येऊ द्या. तिला कळता कामा नये."

आईला हे पटलं. ती एका मोठ्या रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे बसे. कडू औषध न कळत कसं पोटात घालायचं, हे लोकांना समजावून सांगण्यात तिचे दिवस जात. घरी येऊन तिनं पुढच्या रविवारांची योजना आखली. कुठं जायचं, काय न्यायचं, कोणी काय वाचायचं, सगळं ठरलं. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत. आठवडाभर अंधाऱ्या बोगद्यात लोंबकळून झाल्यावर रविवारी झाडाखाली आडवं व्हावं, एवढीच त्यांची योजना होती. तीही या योजनेत बसत होती, म्हणून त्यांनी मान डोलावली.

पहिल्या रविवारी सगळे तळ्याकाठच्या बागेत गेले. चटई अंथरली, मधोमध चार पुस्तकं ठेवली. दादानं त्यातलं सगळ्यात जाड उचललं आणि पोटावर पालथा पडून वाचत सुटला. भिंगरीनं सगळ्यात पातळ घेतलं, ते उघडलंही. मग चटईवर मुंगळे चढले आणि ते झटकायला पातळ पुस्तकासारखं दुसरं साधन नाही, हे तिच्या ध्यानात आलं. घरी येईपर्यंत पुस्तकाच्या पाठीवर सात-आठ मुंगळे कायमचे चिकटले होते.

दुसऱ्या रविवारी आईनं चिठ्ठ्या लपवल्या. एक चिठ्ठी वाचली की दुसरीचा ठावठिकाणा कळायचा, शेवटी बक्षीस. पण भिंगरी चिठ्ठीची घडी उलगडेपर्यंत दादा तिच्या खांद्यावरून वाचून मोकळा व्हायचा आणि धूम ठोकायचा. भिंगरी चिठ्ठी टाकून त्याच्या मागं पळायची. पळण्यात ती त्याला भारी होती. बक्षीस तिनंच पटकावलं, आणि एक अक्षर न वाचता.

"पळायला आवडतं तर पळू द्यावं तिला," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

"तुम्ही झोपा," आई म्हणाली.

तिसऱ्या रविवारी योजना अशी नव्हतीच. आईची आदल्या दिवशी जास्तीची पाळी झाली होती आणि पालथ्या घड्यावर आणखी किती पाणी ओतायचं, असंही तिला वाटू लागलं होतं. चौघं त्याच बागेत गेले आणि भिंतीजवळच्या बाकांवर डबा उघडून बसले. पाव होता, उकडलेली अंडी होती, काकड्या होत्या. भिंगरी काकडी खायची तेव्हा पलीकडच्या बाकावर ऐकू जायचं. तसं ते जात होतं, आणि मधेच थांबलं.

आईनं मान वळवून पाहिलं. भिंगरी तोंडातला घास ओठ मिटून, डोळे मोठे करून, अगदी सावकाश चावत होती.

"काय झालं? जीभ चावली?"

भिंगरीनं बोटानं भिंतीकडं दाखवलं. तिथं बागेची जुनी पाटी होती. 'शांतता राखा' असं कधीकाळी तिच्यावर रंगवलेलं होतं. मधल्या दोन अक्षरांचा रंग उडाला होता आणि उरलं होतं 'शांत खा'.

बाबा उठून बसले. पाटीकडं पाहिलं, भिंगरीकडं पाहिलं आणि म्हणाले, "हुकूम आहे म्हटल्यावर पाळायलाच हवा." मग त्यांनीही काकडी उचलून आवाज न करता खायचा प्रयत्न केला. ते जमण्यासारखं नव्हतं. दादा हसता हसता बाकावरून घसरला.

परत निघताना भिंगरी फाटकापाशी थबकली. तिथं दुसरी पाटी होती, 'येथे कचरा टाकू नये'. ती धड होती, एक अक्षर हललेलं नव्हतं. भिंगरी बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिली आणि मग बाबांना म्हणाली, "तुम्ही क वर हात ठेवा."

बाबांनी पंजा ठेवला.

"आता दुसऱ्या हातानं 'टाकू नये' झाका."

बाबांनी तेही झाकलं. 'येथे चरा'. चौघंही तिथंच पोट धरून उभे राहिले. रखवालदारानं "काय आहे?" म्हणून विचारलं, तेव्हा कोणालाच धड सांगता येईना.

त्या दिवसापासून चटई आणि पुस्तकं कपाटात गेली. रविवारी हिंडायचं आणि पाट्या वाचायच्या. नियम आईनं घातला: फक्त हातानं झाकायचं, खरवडायचं नाही, चिकटवायचं नाही. अक्षर झाकायचं म्हणजे आधी सगळी ओळ वाचायला लागते, एकदा नाही, उलटसुलट दहादा वाचायला लागते, हे भिंगरीला कोणी सांगितलं नाही. आई तर या बाबतीत ताकास तूर लागू देत नव्हती. ती फक्त वाटा ठरवायची. कामावरून येताना ज्या गल्लीत पाट्या जास्त दिसत, ती गल्ली रविवारी "सहज" लागायची. दुकानांची रांग, बसथांबे, कारखान्याची लांबलचक भिंत. पुलाच्या तोंडाशी भिंगरी बाबांच्या खांद्यावर चढली आणि 'वाहने हळू चालवा' मधल्या ल वर तिनं तळवा ठेवला. 'वाहने हळू चावा.' एक सायकलवाला ते वाचून थांबला आणि त्यानं दात लागणार नाहीत अशा बेतानं हँडलला तोंड लावून दाखवलं. दादालासुद्धा मान्य करावं लागलं की हे त्याला सुचलं नसतं.

मग एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी कोणी नव्हतं म्हणून आईनं भिंगरीला खिडकीमागच्या खोलीत, गोळ्यांच्या खोक्यांमध्ये स्टुलावर बसवलं. गर्दी होती. आई पाकिटांवर वेळा लिहीत होती, लोकांना पुन्हा पुन्हा तेच समजावत होती. भिंगरी कधी बाहेर गेली, तिला कळलं नाही. रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कोणी हसलं. आणि मग एका बाईचा आवाज चढला, "आमची चेष्टा चालवली आहे का इथं?"

आई बाहेर आली. खिडकीशेजारच्या पाटीवर 'रांगेत उभे राहा' असं लिहिलेलं असे. आता तिथं 'रांगत राहा' होतं. मधला शब्द जखमेवर लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकला होता आणि 'रांगेत' मधल्या ग वरची मात्रा तेवढी नखाएवढ्या तुकड्यानं नेमकी मिटवली होती. आईच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच: मात्रासुद्धा सोडली नाही पोरीनं. आणि लगेच तिला समोरची बाई दिसली. बाईच्या उजव्या पायाला गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर होतं. दोन कुबड्यांवर ती तेवढी रांग सरकत आली होती.

आईच्या वरिष्ठ मॅडम आवाज ऐकून आल्या. "हे कोणी केलं?"

मूग गिळून बसता आलं असतं. गर्दी होती, कोणी पाहिलं नव्हतं. बाकाआड भिंगरी चिकटपट्टीचं रीळ मुठीत धरून उभी होती.

"माझ्या मुलीनं," आई म्हणाली. "खेळ मीच लावून दिला तिला."

मॅडमनी पट्ट्या स्वतःच्या हातानं सोलून काढल्या. मुलांना पुन्हा इथं आणायचं नाही, एवढंच बोलल्या, पण ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. आईनं भिंगरीला त्या बाईसमोर नेलं. भिंगरी खाली बघत म्हणाली, "चुकले. मी तुम्हाला नव्हतं म्हटलं."

"मग कोणाला म्हटलं होतंस?" बाईनं विचारलं.

पाटी कोणाला तरी म्हणते, हे भिंगरीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बाई म्हणाली, "डोकं चांगलं आहे तुझं. पण माझा पाय दुखतोय." आणि औषध घेऊन, कुबड्या टेकत निघून गेली.

घरी जाताना भिंगरीनं एकही पाटी वाचली नाही. पुलापाशी तर तिनं मान दुसरीकडं वळवली. रविवारी बाबांनी खांदा पुढं केला तरी ती चढली नाही. कानाला खडा लावला म्हणाली. आई रात्री बाबांना म्हणाली, "होतं तेवढंही गेलं."

"पायाचं प्लास्टर निघायलासुद्धा वेळ लागतो," बाबा म्हणाले.

काही दिवसांनी ती बाई पुन्हा औषधाला आली. "मुलगी कुठं आहे?" तिनं खिडकीतून विचारलं. घरी आहे, असं आईनं सांगितलं. "घरी गेल्यावर सांगितलं मी सगळ्यांना," बाई म्हणाली. "ते हसून हसून मेले. मला अजून राग आहे तो आहेच." आणि तिनं पाकिटं पिशवीत टाकली.

आईनं हे भिंगरीला जसंच्या तसं सांगितलं, हसण्याचंही आणि रागाचंही. भिंगरीनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन्ही?"

"दोन्ही."

त्यानंतरच्या रविवारी कोणी काही ठरवलं नव्हतं. ऊन चांगलं होतं म्हणून सगळे टेकडीवर गेले. बाबा गवतावर आडवे झाले. दादानं आपलं जाड पुस्तक आणलं होतं, पण त्याला पतंग उडवणारी मुलं दिसली आणि तो पुस्तक तिथंच टाकून गेला. भिंगरी थोडा वेळ गवत उपटत बसली. मग तिनं पुस्तक ओढलं आणि एका शब्दावर अंगठा ठेवून पाहिला. हसली. दुसऱ्या शब्दावर ठेवला. आई दुसरीकडं पाहत असल्यासारखी पाहत होती. पान उलटलं तेव्हा अंगठा शब्दावरच होता. त्याच्या पुढचं पान उलटलं तेव्हा तो कुठंतरी कडेला गेला होता.

दादा परत आला, डोकावला. "अगं, तू इथवर आलीस? पुढं तो माणूस ना—"

"सांगू नकोस," भिंगरी म्हणाली, आणि पुस्तक उचलून दूरच्या दगडाआड जाऊन बसली.

ऊन उतरलं. आईनं डबे भरले, बाबांना हलवून उठवलं, दगडाशी जाऊन "चल" म्हणाली.

"हे एवढं झालं की."

आईनं ते प्रकरण किती उरलं आहे ते वाकून पाहिलं. बरंच होतं. खांद्यावरची पिशवी तिनं खाली ठेवली आणि दगडाच्या अलीकडच्या बाजूला, मुलीवर आपली सावली पडणार नाही अशी, बसून राहिली.