निकाल लागेपर्यंत

"आधी तुम्ही खा, आई."

टेबलामागच्या बाईने माझ्या पुडक्यातले परतलेले नाकतोडे बोटाने चाळून पाहिले आणि पुडकं परत माझ्याकडे सरकवलं. या तुरुंगात तसा नियम आहे. घरून आणलेलं आधी आणणाऱ्याने खायचं, मग बाकावर बसून राहायचं. काही झालं नाही तर ते आत जातं. मी चिमूटभर तोंडात टाकले. पंख-पाय काढून, मीठ लावून मीच परतले होते.

"कसे झालेत?"

"तुम्हीच बघा की, अफांदे."

"छे, आम्ही किनाऱ्याकडची माणसं. किडे नाही खात." असं म्हणत तिने दोन उचलले. थोड्या वेळाने आणखी दोन. "तुम्हा बुकोबाच्या लोकांचं काही खरं नाही बाई. जेवायला केळं, प्यायला केळ्याची दारू, आणि वर हे."

तिचं नाव म्वानाहावा. वर्दीतल्या माणसाला आमच्याकडे अफांदे म्हणतात. फाशीच्या कैद्यांच्या भेटी तिच्यासमोर व्हायच्या. चौदा वर्षांत मी नऊ वेळा सरोवर ओलांडून म्वांझाला आले होते, त्यातल्या सहा वेळा तीच होती. तिने पुडकं बांधलं आणि आवाज खाली आणला.

"आई, आज बाबांना जरा समजवा. खटला मागे घ्यायचा कागद मागितलाय त्यांनी."

"कुठला खटला?"

"किती आहेत तुमचे? अरुशाचा."

मला दोन दिवसांपूर्वी निरोप आला होता, 'भेटायला ये, काम आहे', एवढाच. मला वाटलं होतं खोकला वाढला असेल. मी बाकावर बसून राहिले.

"इथे खूप वर्षांत कुणाला नेलेलं नाही," म्वानाहावा म्हणाली. "पण उद्या नेणार नाहीत असं कुणी लिहूनही दिलेलं नाही. तुमच्या नवऱ्याला लिहून दिलंय. आणि ते मागे घेतलं की परत मिळायचं नाही. आता आपल्या देशातून तिकडे नवा अर्ज घेत नाहीत. जुने आहेत तेवढेच चालू आहेत. मी सांगून दमले. माझं कोण ऐकतंय?"

अरुशाचं कोर्ट म्हणजे आफ्रिकेतल्या देशांनी मिळून माणसांच्या हक्कांसाठी बसवलेलं कोर्ट. दारूच्या बैठकीत बांधावरून मारामारी झाली, एक माणूस मेला, आणि माझे पती मुतालेम्वा यांना फाशी झाली. मी तिथे नव्हते, त्यामुळे कोणाच्या हातून काय झालं ते मी सांगणार नाही. पण त्यांचा वकील त्यांना पहिल्यांदा भेटला तो खटल्याच्या दिवशी सकाळी. आणि खून ठरला की न्यायाधीशाला फाशीशिवाय दुसरी शिक्षा देता येत नव्हती. इथलं शेवटचं अपील फेटाळल्यावर एका वकीलबाईने या दोन गोष्टी लिहून अरुशाला अर्ज केला, आणि तिकडून हुकूम आला की खटला चालू आहे तोवर या माणसाला फाशी देऊ नका.

तो हुकूम आला तेव्हा आम्ही त्यांना पुरून मोकळे झालो होतो.

झालं असं. अपील फेटाळलेलं सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर महिन्याभराने तुरुंगातून सुटून आलेल्या एकाने सांगितलं की एका सकाळी मुतालेम्वांना घोंगडीसकट बाहेर नेलं आणि ते परत आले नाहीत. त्यांना क्षयाच्या दवाखान्यात नेलं होतं. पण तुरुंगात जाऊन विचारावं असं कुणाला वाटलं नाही. माझे दीर बाकिलाना म्हणाले, "फाशी दिलेल्याचं प्रेत देत नाहीत, मग विचारायचं काय?" आमच्याकडे ज्याचं प्रेत मिळत नाही त्याच्या जागी केळीचं खोड त्याच्या उंचीएवढं कापतात, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळतात आणि त्याच्याच बागेत पुरतात. उंची मी सांगितली. माझं कपाळ त्यांच्या खांद्याला लागायचं, तेवढ्यावरून. मग माझं डोकं भादरलं, चार दिवस बागेत कुदळ लागली नाही, आणि पाचव्या दिवशी बाग वाटली.

सात महिन्यांनी वॉर्डाचा अधिकारी अरुशाचा कागद घेऊन आला. जिवंत आहेत हे ऐकून मी ओरडत घराकडे पळाले. बाकिलाना अंगणात कॉफीच्या बिया वाळत घालत होते.

"हळू, वहिनी. पुरलेल्या माणसाचं नाव असं मोठ्याने घेऊ नये."

"अहो, पण ते जिवंत आहेत!"

"असतील. तिकडे असतील. इकडे त्यांचं झालंय."

जाणत्यांनीही तेच ठरवलं. निम्मी बाग दिरांकडे गेली ती गेलीच. पण घर आणि उरलेली निम्मी बाग त्या कागदामुळे माझ्याकडे राहिली. नवरा जिवंत असताना बायकोला उठवता येत नाही. तेव्हापासून लग्नाकार्यात मी कुठे बसावं हे कुणाला कळेना. विधवांच्या चटईवर बसले की त्या म्हणायच्या, "तुझा आहे ना गं?" सवाष्णींकडे गेले की त्या सरकून बसायच्या, "हिचा पुरलाय."

तो कागद मी तिघांकडून वाचून घेतला. बाकिलानांनी वाचला आणि म्हणाले, फाशी होणारच आहे. दुकानदाराने वाचला आणि म्हणाला, सुटलेच समज. तिसऱ्याने अर्ध्यावर जांभई दिली. मग मी अठ्ठावन्नाव्या वर्षी चर्चच्या मागे भरणाऱ्या मोठ्यांच्या शाळेत जाऊन बसले. दोन वर्षं लागली. वाचून कळलं की तिघांनीही चूक सांगितलं होतं.

मुतालेम्वांना आणलं. मध्ये तारेची जाळी, आणि जाळीच्या टोकाला स्टुलावर म्वानाहावा. तिला कळावं म्हणून स्वाहिलीतच बोलायचं, आमच्या हाया भाषेत नाही. घरात आम्ही कधी स्वाहिलीत बोललो नव्हतो. ती बाजारातली भाषा. चौदा वर्षं आम्ही एकमेकांशी बाजारात भेटल्यासारखं बोलत आलो.

"केस पिकले तुझे," ते म्हणाले.

"तुमचे तर राहिलेच नाहीत."

"उवांना जागा नको म्हणून काढतात." ते जाळीजवळ आले. "मला पुरलंत म्हणे."

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. "कुणी सांगितलं?"

"शेजारच्या गावचा एकजण नवा आलाय. मला बघून किंचाळलाच. तीन दिवस माझ्या बाजूला झोपेना." ते हसले. "माणसं किती होती?"

"बरीच."

"बरीच म्हणजे?"

"अंगण भरून रस्त्यापर्यंत."

"बाकिलाना रडला?"

"सगळ्यांत जास्त."

"रडणारच. बाग मोठी होती. खोड कुठल्या केळीचं घेतलं?"

"दारूच्या केळीचं."

ते इतक्या मोठ्याने हसले की म्वानाहावालाही हसू आलं. "अगं, निदान खायच्या केळीचं तरी घ्यायचं!" मग त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"कोकू, घरी माझं सगळं झालंय. मग इथे हा कोण बसलाय?"

मी पिशवीतून अरुशाचा कागद काढला आणि जाळीला लावून, बोट ठेवून वाचला. "'या अर्जाचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराच्या फाशीच्या शिक्षेची अंमलबजावणी करू नये. यासाठी काय केले ते साठ दिवसांत या न्यायालयास कळवावे.' बघा, सरकारला जाब विचारलाय. तुमच्यासाठी."

ते कागदाकडे नाही, माझ्या बोटाकडे बघत होते.

"छान वाचतेस गं."

"दोन वर्षं गेली."

"निकाल लागेपर्यंत. आणि लागल्यावर?"

"जिंकलो तर शिक्षा पुन्हा ठरवायला सांगतील. कमी होईल."

"हरलो तर?"

मी कागदाची घडी घातली.

"म्हणजे न्यायाधीश आळशी निघोत, एवढीच प्रार्थना करायची."

"तेवढी तरी करा."

"तुला माहीत नाही, कोकू. रोज सकाळी बूट वाजतात. दारापाशी येतात, पुढे जातात. मी मनात म्हणतो, हे माझ्यासाठी नाहीत, माझ्याकडे कागद आहे. शेजारच्याकडे कागद नाही. तो माझ्याकडे बघत बसतो. सहा वर्षं झाली तो बघतोय. मला एक काहीतरी होऊ दे. नेतील किंवा नाही नेणार. पण हे 'तोवर' नको."

"मागे घेतलंत तर परत मिळायचं नाही."

"माहीत आहे." त्यांनी तारेत बोटं अडकवली. "खरं सांग. तुला मी हवाय की बाग?"

"दोन्ही," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू? तुम्ही आहात म्हणून मी माझ्या चुलीशी आहे. तुम्ही गेलात की बाकिलानांच्या मागच्या खोलीत."

"असिम्वेकडे जा. लेक आहे ती आपली. दार-एस-सलामला राहा, समुद्र बघ."

"मला काय करायचाय समुद्र?"

म्वानाहावा स्टुलावरून उठली. तिच्या हातात एक छापील कागद होता. खाली निळ्या शाईचा अंगठा आधीच उठलेला होता. तेव्हा कुठे मी त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं.

"साहेबांचा नियम आहे, आई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ज्याला लिहिता येत नाही त्याच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागते. वाचून दाखवलं, कैद्याला समजलं, अशी. लिहितं-वाचतं माणूस पाहिजे. अंगठा चालत नाही."

"बाकिलानाला बोलवायला सांगितलं होतं मी," मुतालेम्वा म्हणाले. "तो येत नाही. मेलेल्याला भेटायला कोण येतं? मग कळलं, तू शाळेत जातेस."

तिने कागद आणि पेन जाळीच्या फटीतून माझ्यासमोर ठेवलं. कागद सोपा होता. 'मी माझ्या इच्छेने, कोणाच्याही दबावाखाली न येता...' मी शेवटपर्यंत वाचला. एकही अक्षर अडलं नाही. माझ्या गुरुजींना आनंद झाला असता.

मुतालेम्वा वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडे कधी फारसं काही मागितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी एकदा म्हणाले होते, कालवणात मीठ कमी घाल. एवढंच आठवतं.

मी पेन उलटं ठेवलं.

"मला लिहिता येत नाही," मी म्हणाले.

"काय?"

"लिहिता येत नाही मला. वाचताही येत नाही."

"अगं, आत्ता तर वाचलंस!"

"पाठ केलं होतं."

"कोकू."

"गुरुजींनी पाठ करून घेतलं. बोट कुठे ठेवायचं तेही."

मुतालेम्वांनी म्वानाहावाकडे पाहिलं. सकाळी तिच्याच वहीत, तिच्याच समोर मी पूर्ण नावाची सही केली होती, आणि 'बघा हं, अफांदे, आता अंगठा नाही,' असं वर म्हटलं होतं. ती वही स्टुलाशेजारी उघडी पडली होती. म्वानाहावाने वाकून ती मिटली.

"साक्षीदाराला लिहिता-वाचता येत नाही, असा शेरा मारते," ती म्हणाली. "वेळ संपली, बाबा."

ते उठले नाहीत. जाळीतून माझ्याकडे बघत त्यांनी हायात, आमच्या घरच्या भाषेत, एकच वाक्य म्हटलं. म्वानाहावाने त्यांना अडवलं नाही.

"मला किती दिवस ठेवणार आहेस?"

म्वानाहावाने त्यांच्या हातात नाकतोड्यांचं पुडकं दिलं, आणि ते पुडकं छातीशी धरून, पाय ओढत आत गेले. मला वाटलं होतं एकदा तरी वळून बघतील.

दुपारी बंदरावर परतीच्या बोटीसाठी रांग लागली होती. फाटकाशी एक तरुण कारकून उतारूंची यादी भरत होता. आमच्या सरोवरात बोट बुडून माणसं गेली आहेत, त्यामुळे यादी पुरी झाल्याशिवाय बोट सुटत नाही. माझा नंबर आला.

"नाव, गाव. आणि काही झालं तर कुणाला कळवायचं त्याचं नाव-पत्ता. सांगा, मी लिहितो."

"मी लिहिते."

त्याने वही वळवून दिली. मी सावकाश लिहिलं. मागच्या माणसाने जिभेने आवाज केला, तरी सावकाशच लिहिलं. माझं नाव, गाव. मग मुतालेम्वांचं नाव, तिन्ही शब्द. नातं : पती. पत्ता : मध्यवर्ती तुरुंग, फाशीची बराक.

कारकुनाने वही परत घेतली, वाचलं आणि मान वर केली.

"आई, बोट बुडाली तर यांना कळवायचं?"

"हो."

"यांना येता येईल का?"

"येता नाही येणार," मी म्हटलं. "पण त्यांना कळायला हवं."

त्याने माझ्या तिकिटावर शिक्का मारला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.